ओपनिंग पाठ करूनही हरतोच!

प्रश्न: यूट्यूब बघून बुद्धिबळाची ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) पाठ करतो, तरी समोरच्याने वेगळी चाल केली की दहा-बारा चालींत माझा खेळ खल्लास. काय करू?

उत्तर: अहो, पाठांतर थोडं बाजूला ठेवा आणि अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसच्या ऑपेरागृहात खेळलेला डाव पटावर मांडून बघा, फक्त १७ चालींचा आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या मॉर्फीला आठव्या चालीला काळ्याचं बी७ वरचं (बी७, बी८ ही पटावरच्या घरांची नावं) प्यादं फुकट मिळत होतं, पण पठ्ठ्याने ते न घेता घोडा बाहेर काढला (आपण लगेच झडप घातली असती!) आणि शेवटी बी८ वर वजीर देऊन डी८ वर हत्तीने मात. तेव्हा काळ्याचा एफ८ वरचा उंट आणि एच८ वरचा हत्ती जागचे हललेसुद्धा नव्हते. तुमच्या हरलेल्या डावांत दहाव्या चालीला किती मोहरी घरातच बसलीयत, ते मोजा आधी.