समुद्रतळावरचा वायू ध्वनीने शोधू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास

प्रिय विद्यार्थ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

बंगालच्या उपसागरातील कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या सर्वेक्षणाचे इकोग्राम, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून परतणारा प्रतिध्वनी टिपणाऱ्या इको साउंडरने काढलेली चित्रे, तुझ्याकडे अभ्यासासाठी आल्याचे वाचून आनंद झाला. याच खोऱ्यात २०१८ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना ‘सिंधु साधना’ जहाजावरून सुमारे पावणेदोन हजार मीटर खोलीवर मिथेनची सक्रिय गळती सापडली. त्यामुळे तिथे वायू असणारच, असे धरून तू स्क्रीनसमोर बसशील, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. इकोग्रामवर तळापासून वर चढणारा उजळ पट्टा दिसला, तर तो वायूखेरीज दुसरे काय असू शकेल याचा शोध आधी घे. ते सगळे पर्याय बाद झाल्यावरच त्याला वायूचा फवारा म्हण.

पहिला संशय माशांवर घ्यावा. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि इको साउंडरच्या दृष्टीने ती पिशवी व मिथेनचा बुडबुडा यांत फारसा फरक नसतो. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात लहान मासे व प्लवकांचे दाट थर दिवसा काही शे मीटर खाली राहतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास वर सरकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा थरांच्या प्रतिध्वनीला समुद्राचा तळ समजण्याची चूकही झाली होती. थर साधारणपणे आडवा पसरतो, फवाऱ्याचे मूळ मात्र तळाला चिकटलेले असते आणि प्रवाहामुळे त्याचा शेंडा एका बाजूला झुकतो. जहाज एका जागी थांबवता आले तर याहून भक्कम पुरावा मिळतो: इकोग्रामवर एकापाठोपाठ एक तिरप्या, जवळजवळ समांतर रेषा उमटतात आणि त्यांच्या उतारावरून बुडबुड्यांचा वर चढण्याचा वेग काढता येतो. तो सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास आला, तर माशांचा प्रश्न बहुतेक मिटला असे समज.

फवाऱ्याची रुंदी मोजण्याच्या मोहात पडू नकोस. तुझ्या साउंडरचा ध्वनिझोत सात अंशांचा असेल, तर पावणेदोन हजार मीटर खोलीवर तो दोनशे मीटरहून अधिक रुंद वर्तुळ व्यापतो, त्यामुळे चार-पाच मीटर रुंदीची बुडबुड्यांची माळसुद्धा पडद्यावर दोनशे मीटरची दिसते. ती रुंदी ध्वनिझोताची आहे, वायूची नव्हे.

उजळपणाचेही तसेच आहे, आणि इथे भले भले फसतात. पृष्ठभागाजवळ एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३.३ किलोहर्ट्झच्या जवळपास सर्वाधिक जोराने कंप पावतो. ही कंपनसंख्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने पावणेदोन हजार मीटर खोलीवर ती चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास जाते. म्हणजे ३८ किलोहर्ट्झच्या साउंडरला नेमके त्याच मापाचे बुडबुडे अवाजवी ठळक दिसतील आणि त्याहून लहान बुडबुड्यांचा मोठा लोंढाही फिका भासेल. बुडबुड्यांची मापे कॅमेऱ्याने पाहिल्याशिवाय, किंवा निदान दोन-तीन कंपनसंख्यांवरील प्रतिसाद ताडून पाहिल्याशिवाय, वायू किती निघतो याचा आकडा अहवालात घालू नये.

मल्टिबीमच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक दिशांना झोत सोडणाऱ्या साउंडरच्या, नोंदी वाचताना एक मर्यादा सतत ध्यानात ठेव. जहाजाच्या थेट खालच्या तळाचा प्रतिध्वनी इतका प्रबळ असतो की तो बाजूच्या सर्व झोतांत झिरपतो, आणि जहाजापासून तळाच्या खोलीइतक्या अंतरापलीकडची नोंद गढूळ होते. उभ्या रेषेपासून साठ अंश कललेल्या झोतात त्यामुळे पाण्याचा खालचा निम्मा भाग वाचण्याजोगा उरत नाही, आणि फवाऱ्याचे मूळ तर तिथेच असते. म्हणून केवळ खोली मोजण्यासाठी आखतात त्यापेक्षा सर्वेक्षणरेषा जवळजवळ आखाव्यात. आणि जागा वाचवण्यासाठी जलस्तंभाच्या, म्हणजे पृष्ठभागापासून तळापर्यंतच्या पाण्याच्या, मूळ फाइली पुसू नयेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबाहेर ‘ओकेनॉस एक्सप्लोरर’ या संशोधन जहाजाने २०११ ते २०१३ या काळात जमवलेल्या अशाच नोंदींतून सुमारे ५७० फवारे हाती लागले, फक्त खोलीचे आकडे ठेवले असते तर त्यांतला एकही दिसला नसता.

गाळातला वायू आणि पाण्यात येणारा वायू यांची गल्लत करू नकोस. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापुढील उथळ समुद्रात चिखलाखाली अडकलेला वायू सबबॉटम प्रोफायलरवर, म्हणजे तळाखालचे थर ध्वनीने दाखवणाऱ्या यंत्रावर, खालचे सगळे थर झाकून टाकतो, पण तेवढ्यावरून तो वर येत आहे असे सिद्ध होत नाही.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे साउंडरचे मोजमाप पारखून घेण्यासाठी, टंगस्टन कार्बाइडचा ३८.१ मिलिमीटर व्यासाचा गोळा जहाजाखाली टांगतात. ते काम कंटाळवाणे आहे, तरी टाळू नये. फवारा दिसला नाही तर त्या वेळची भरती-ओहोटी, वारा आणि जहाजाचा वेग यांसह तशी नोंद कर, कारण भरतीच्या वाढीव दाबाने मंदावलेली गळती ओहोटीला पुन्हा सुरू होऊ शकते. पुढच्या वेळी मला स्क्रीनचे फोटो न पाठवता त्या फेरीच्या मूळ फाइली आणि ध्वनिवेगाचा आलेख पाठव.

कळावे, लोभ असावा.