‘मनाचा सिद्धांत’ की ‘दुसऱ्याच्या मनाची जाण’?

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना पडलेले दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत. ‘थिअरी ऑफ माइंड’ला, म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे ओळखण्याच्या क्षमतेला, ‘मनाचा सिद्धांत’ म्हणावे का, आणि ‘स्वमग्न मुलांना सहानुभूती नसते’ हे वाक्य बरोबर आहे का?

‘मनाचा सिद्धांत’ हा शब्दप्रयोग रुळू लागला असला तरी तो दिशाभूल करतो, असे माझे मत आहे. सिद्धांत म्हटले की तो कोणी मांडला आणि कसा सिद्ध झाला, हे प्रश्न आपोआप येतात. येथे मात्र मन म्हणजे काय हे सांगणारी कोणा पंडिताची उपपत्ती अभिप्रेतच नाही. डेव्हिड प्रेमॅक आणि गाय वुडरफ या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली चिंपांझींच्या संदर्भात ही संज्ञा वापरली. दुसऱ्याचे मन डोळ्यांना दिसत नाही, ते गृहीत धरूनच त्याच्या वागण्याचा अंदाज बांधावा लागतो, म्हणून त्यांनी तिला ‘थिअरी’ म्हटले. म्हणजे ही थिअरी अभ्यासकाची नसून अंदाज बांधणाऱ्याची, मग तो चिंपांझी असो की चार वर्षांचे मूल.

मराठीत यासाठी ‘मनकवडा’ हा सुंदर शब्द आहे, पण त्यात विशेष हातोटीचे कौतुक आहे आणि येथे तर जवळपास प्रत्येकाला लाभणारी साधी क्षमता सांगायची आहे. ‘परचित्तज्ञान’ थेट योगसिद्धींच्या प्रांतात नेते. ‘मनोबोध’ म्हणावे, तर वाचकाला मनाला केलेला उपदेश आठवणार. म्हणून मी ‘दुसऱ्याच्या मनाची जाण’ असे साधेच म्हणेन. जाण कमी असू शकते, उशिरा येऊ शकते, एका प्रसंगी असून दुसऱ्या प्रसंगी नसू शकते. सिद्धांताला ही सवलत नाही.

या जाणिवेची प्रसिद्ध कसोटी सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली वापरली. सॅली ही बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या माघारी अ‍ॅन ही बाहुली ती गोटी काढून खोक्यात ठेवते. परतल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? वीसपैकी सोळा स्वमग्न मुलांनी गोटी खरोखर जिथे होती तीच जागा दाखवली, तर डाउन सिंड्रोम असलेल्या चौदापैकी बारा मुलांनी टोपली दाखवली. सॅलीला गोटी टोपलीत आहे असे ‘वाटते’, मुलाला ती खोक्यात आहे हे ‘ठाऊक’ असते. हा भेद मराठीत दोन क्रियापदांतच स्पष्ट होतो, कारण ठाऊक असलेले खोटे नसते, वाटलेले खोटे असू शकते.

पण हेच ‘वाटणे’ दुसऱ्या प्रश्नात घोटाळा करते. ‘गोटी टोपलीत आहे असे वाटते’ आणि ‘वाईट वाटते’ या दोन्ही वाक्यांत आपण तेच क्रियापद वापरतो, एकात समजुतीसाठी आणि दुसऱ्यात भावनेसाठी. मग दुसऱ्याला काय वाटते हे ज्याला ओळखता येत नाही त्याला दुसऱ्यासाठी काही वाटतही नाही, असा निष्कर्ष नकळत निघतो. अनेक स्वमग्न मुलांना चेहऱ्यावरून किंवा आवाजाच्या चढउतारावरून समोरच्याचे दुःख ओळखणे जड जाते. मात्र ते दुःख शब्दांत सांगितले की त्यांना कळवळा येतो, काहींना तर तो सहन होणार नाही इतका येतो. ओळखणे आणि कळवळणे ही दोन कामे आहेत आणि ‘सहानुभूती’ हा शब्द दोन्हींवर एकच पांघरूण घालतो. (‘स्वमग्न’ हा शब्दही या गैरसमजाला हातभार लावतो, पण तो आता इतका रुळला आहे की बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही.)

शिवाय न कळणे एकतर्फीही नसते. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी 2012 साली असे मांडले की इतरांनाही स्वमग्न व्यक्तींचे मन कमीच उमगते, आणि तरीही उणीव मात्र एकाच बाजूच्या नावावर मांडली जाते.

तेव्हा अनुवादातील ते वाक्य मी असे लिहीन: ‘समोरच्याच्या मनात काय चालले आहे, हे न सांगता ओळखणे अनेक स्वमग्न मुलांना कठीण जाते.’ यातील ‘न सांगता’ आणि ‘अनेक’ हे शब्द जागेअभावीही गाळू नयेत.