नळी दुखतेय, पण धावायचं तर आहे

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) रोज दोन मैल कँटर (मध्यम वेगाची दौड) करतो. तरी भरधाव पळवायला लागताच पुढच्या पायांच्या नळीवर (गुडघ्याखालच्या लांब हाडावर) सूज आली, हात लावू देत नाही. हाडं कमकुवत आहेत का? कॅल्शियम वाढवू?

उत्तर : कमकुवत नाहीत, वेगासाठी घडलेली नाहीत. हाड मैल मोजत नाही. ते किती दाबलं जातं आणि किती झपाट्याने, यावर वाढतं. आणि थोड्याच टापांत त्याचा प्रतिसाद पुरा होतो. पुढचा मैल केवळ झीज. शिवाय कँटरमध्ये नळीवर ताण येतो त्याची दिशा भरधाव धावेपेक्षा वेगळी असते, त्यामुळे नळीची पुढची बाजू जाड व्हायची राहून जाते.

आधी व्हेटकडून एक्स-रे घ्या, चीर नाही ना ते पाहा. वेदना पूर्ण गेल्यावर हलक्या कामापासून सुरुवात करा. मग आठवड्यातून दोनदा, कँटरच्या शेवटी फक्त एक फर्लांग (सुमारे २०० मीटर) वेगाने, साधारण १५ सेकंदांत. पाचेक आठवड्यांनी दोन फर्लांग. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेव्हिड नुनामेकरांनी याच धर्तीचा क्रम सुचवला होता. पळवल्यानंतर रोज नळीवरून अंगठा दाबून फिरवा. दाबल्यावर घोडा पाय मागे घेऊ लागला की वेग बंद.

कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण दीड ते दोनास एक असू द्या. कोंडा भरपूर देत असाल तर ते बिघडतं, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त. नुसत्या पावडरीने मात्र नळी जाड होत नाही.

लांब विश्रांतीनंतर तर जास्तच जपा. हाड जुना भाग काही आठवड्यांत पोखरतं, भरायला महिने घेतं. दम लवकर परततो, म्हणून फसगत होते.