मोरीच्या पाण्याच्या कोपऱ्यात नागरमोथा लावू का?

घरामागे मोरीचं पाणी मुरतं तिथे एखादं देशी लव्हाळं लावायचंय, नागरमोथा चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. नागरमोथा नको. जमिनीत तर मुळीच नको. वरचं पान उपटून हातात येतं, गाठ खालीच राहते, आणि त्या गाठीतून पुढच्या गाठींची माळ सुरू होते. उटण्यात वास कितीही छान लागो, वाफ्यात शिरला की निंदून निंदून कंबर मोडते.

नर्सरीवाला बहुतेक ‘अंब्रेला पाम’ पुढे करेल. तो पाम नाहीच, लव्हाळ्याचाच भाऊबंद आहे, पण मूळचा आफ्रिका-मादागास्करकडचा. दिसतो देखणा, मला त्याचं वावडं नाही. पण तुम्हाला देशी हवंय.

तर कसेरू लावा. शास्त्रीय नाव ॲक्टिनोस्किर्पस ग्रॉसस, जुन्या पुस्तकांत स्किर्पस ग्रॉसस. तळ्याकाठच्या चिखलात वाढतं, पुरुषभर उंच होतं. दांडा बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात. आडवे धुमारे मात्र हेही सोडतं, त्यामुळे तळाला भोक नसलेल्या सिमेंटच्या टबातच ठेवा. खाली चिखलमाती, वर बारीक खडी, आणि पाणी खडीच्या बोटभर खालीच राहील अशा बेताने बाहेर जायला नळी. उघडं पाणी नसलं की डासांचीही कटकट नाही. ऊन भरपूर हवं, सावलीत दांडे लोळतात.

या झाडांच्या आतल्या पोकळ्यांमधून हवा मुळांपर्यंत उतरते, तिथल्या ऑक्सिजनवर जिवाणू जगतात, आणि पाण्यातली घाण मुख्यतः तेच कुजवतात. मलेशियात सांडपाण्यासाठी याच कसेरूवर प्रयोग झालेत. पण एका टबाकडून फार अपेक्षा नको. तेल आणि खरकटं आधीच जाळीत अडवा, नाहीतर खडी तुंबून वास सुटेल. कसेरूचे कंद खातात हे खरं, पण मोरीच्या पाण्यावरचे खाऊ नका.

रोप तळ्यावरून आणणार असाल तर कंदासकट एक फुटवा पुरे. मुळं तिथेच खळखळून धुवा, जलपर्णीचा तुकडा चिकटून आला तर टब तिचाच होईल. उन्हाळ्याच्या शेवटी वाळके दांडे बुडापासून वीतभर ठेवून छाटा आणि आच्छादन म्हणून झाडांच्या बुंध्याशी पसरा.