कोकणातला मार्च: आकडा नंतर, आधी वारा बघा

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. उन्हाळ्याच्या अंदाजात कोकणात तापमान ‘सरासरीपेक्षा जास्त’ म्हटलंय, म्हणजे यंदा मार्च भाजून काढणार का. मोबाइलवर ३८ दिसत होतं आणि तुमच्या अंगणात ३३ च्या वर पारा गेला नाही, तर खरं कोणाचं मानायचं. आणि रत्नागिरीजवळच्या पन्नास कलमांवर आत्ता कुठे वाटाण्याएवढी, कुठे गोटीएवढी कैरी आहे, तिचं काय करायचं.

पहिलं पटकन उरकतो. हवामान खातं फेब्रुवारी संपता संपता मार्च ते मेचा जो अंदाज देतं, तो तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो. त्याच्या नकाशावरचा रंग एवढंच सांगतो, की तीन महिने एकत्र धरले तर ते नेहमीपेक्षा गरम निघण्याची शक्यता किती. अमुक तारखेला काय होईल, याबद्दल त्यात अक्षर नसतं. ‘सरासरीपेक्षा जास्त’ हे अर्ध्या अंशाने खरं ठरू शकतं आणि तेवढ्याने आंब्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन-तीन दिवसांच्या तापाने, आणि तो ताप या नकाशात दिसतच नाही. तो नकाशा बघून पाण्याच्या टाकीची सोय लवकर करायची तर करा, पण त्यावर रोजचं वेळापत्रक बसवू नका.

आता मुख्य गोष्ट. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावर दुपारचा पारा कुठे थांबणार, हे उन्हापेक्षा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा, किती वाजता आत शिरतो यावर ठरतं. ऊन तर रोज सारखंच असतं. समुद्राचं पाणी या दिवसांत साधारण २७-२८ अंशांवर असतं. जमीन तापली, वरची हवा हलकी झाली, की समुद्रावरची हवा आत येते आणि पारा तिथेच अडतो. हे अकरा-साडेअकराला झालं तर दिवस ३२-३३ वर निभावतो. दीड-दोन वाजले तर ३७-३८, कधी त्याहून वर.

मी गेली बरीच वर्षं वहीत हे टिपतोय. साधनं दोनच: पडवीच्या उत्तर बाजूला टांगलेला थर्मामीटर आणि समोरच्या माडाच्या झावळ्या. गेल्या वर्षीचं मार्चमधलं एक पान देतो. सकाळी नऊला झावळ्या समुद्राकडे झुकलेल्या, म्हणजे वारा घाटाकडून. दहाला ३१. अकराला ३४. बाराला ३६, हवा अशी कोरडी की ओठ फुटावेत, दोरीवरचा पंचा अर्ध्या तासात कडक. पाऊणला झावळ्या एकदम निश्चल झाल्या. पाच-सात मिनिटं पान हललं नाही. मग पहिली झुळूक पश्चिमेकडून आली, झावळ्या उलट्या फिरल्या आणि सव्वा वाजता पारा ३३ वर उतरला. अंगाला चिकचिक मात्र लगेच सुरू झाली.

असा उशीर का होतो? मध्य भारत किंवा गुजरात-राजस्थानच्या बाजूला जास्त दाबाचं क्षेत्र बसलं, की त्याच्या दक्षिण कडेने पूर्वेचा वारा देशावरून सह्याद्री ओलांडून खाली येतो. हा वारा खाऱ्या वाऱ्याला दाराशीच थोपवून धरतो, हे एक. दुसरं म्हणजे खाली उतरताना तो स्वतःच तापतो. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली की दाबली जाऊन जवळपास १० अंशांनी गरम होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. तिथली ३४ अंशांची हवा घाट उतरून तुमच्या बागेत आली, तर हिशोबाने ३९ च्या पुढे जाते. वाटेत दुसरी हवा मिसळते म्हणून पुरते साडेपाच अंश चढत नाहीत, पण दिशा कळली असेल. कोल्हापुरात लोक ‘आज बरं आहे’ म्हणत असतात तेव्हा आपण होरपळत असतो, त्याचं कारण हे.

मुंबईचा मार्चमधला विक्रम पाहा: सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश. समुद्राच्या एवढ्या जवळ ४१ हे नुसत्या उन्हाचं काम नाही. २०२५ मध्ये तर फेब्रुवारी संपायच्या आतच मुंबई-कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा आला होता.

याच दिवसांची आणखी एक खूण. हवा कोरडी असल्यामुळे रात्री जमीन भराभर निवते. पहाटे पांघरूण ओढायचं आणि दुपारी पंख्याखाली बसायचं, असा खेळ चालला असेल तर वारा देशावरचा आहे असं खुशाल समजा. आपल्याकडे लोक याला ‘हवा फिरली’ म्हणतात आणि सर्दी-खोकल्याचं खापर तिच्यावर फोडतात.

मोबाइलच्या ३८ चं कोडं यातूनच सुटतं. ही ॲप्स जागतिक मॉडेलचे, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणकी प्रणालीचे, आकडे उचलतात. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतं. युरोपीय हवामान केंद्राच्या मुख्य मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा आहे, आपल्या हवामान खात्याने मे २०२५ मध्ये आणलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचा ६ किलोमीटरचा. आता रत्नागिरीजवळ ९ किलोमीटरचा चौकोन आखा: त्यात खाडी आली, कातळ आला, डोंगर आला, शिवाय थोडा समुद्रही. या सगळ्याला मिळून एकच आकडा. तुमचं ठिकाण जमिनीकडच्या चौकोनात पडलं तर ३८, शेजारच्या पाण्याकडच्या चौकोनात पडलं तर ३१. त्यातून मॉडेलने खारा वारा दोन तास उशिरा आणला तर चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. तेव्हा ॲप खोटं बोललं असं नाही, त्याची वेळ चुकली. त्याच दिवशी लांजा किंवा चिपळूणला ३८ असेलही, कारण खारा वारा तिथे पोचेपर्यंत दुपार कलते. तुमची बाग समुद्रापासून किती आत आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि या सगळ्यात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे.

म्हणून मी काय बघतो ते सांगतो. वाऱ्याचा नकाशा दाखवणारं कुठलंही ॲप उघडा आणि जमिनीलगतचा वारा सोडून ९२५ हेक्टोपास्कलचा थर निवडा, म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर उंचीवरचा. सकाळी अकराच्या सुमारास तिथे वारा पूर्वेचा आणि जोरदार असेल, तर ॲप ३४ म्हणो की ३८, दिवस तापणार. वायव्येचा असेल तर निश्चिंत राहा. चार-पाच दिवस आधीचं हे चित्र बऱ्यापैकी टिकतं. त्यापुढचं फक्त कल म्हणून बघा. खात्याचा चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यावर मी तरी कामं ठरवत नाही.

‘लाट’ या शब्दाबद्दलही थोडं. किनारपट्टीसाठी खात्याचा निकष असा: कमाल तापमान किमान ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त. तेही विभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस, आणि मग दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. म्हणजे अधिकृत शिक्का बसेपर्यंत तुमच्या कैरीने एक दुपार सोसलेली असते. पिवळा किंवा नारिंगी इशारा त्याआधी येतो, तो गंभीरपणे घ्या. ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशाराही असतो. त्यात पारा ३४-३५ लाच असतो पण घाम वाळत नाही. तो माणसांना जास्त जाचतो, मजुरांना दुपारी झाडावर चढवू नका. कैरीचा खरा शत्रू कोरडा, घाटावरचा वारा.

मळभाचं वेगळं. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, सरकतो तेव्हा कधी कधी आपल्यापर्यंत ढग येतात, पहाटे दव वाढतं. पाऊस बहुतेक वेळा पडत नाही, पण दोन-तीन दिवस ढगाळ दमट गेले की मोहरावर तुडतुडे ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग वाढतो. झंझावात पुढे गेला की वायव्येचा गार वारा येतो, चार दिवस छान जातात. मात्र फेब्रुवारीत थंडी पुन्हा जोरात परतली तर कैरी असलेल्या फांदीवर नवा मोहर फुटतो आणि सगळं अन्नपाणी तिकडे वळून धरलेली कैरी गळते. हा पुनर्मोहर. गार दिवस आले म्हणून फार खूश होऊ नका.

आता तुमची पन्नास कलमं. एका वर्षी मीही अंदाजात ३४ बघून पाणी पुढच्या आठवड्यावर ढकललं होतं. दोन दिवस घाटावरचा वारा सुटला. तिसऱ्या सकाळी झाडाखाली पाय ठेवायला जागा नव्हती, गोटीएवढ्या कैऱ्या पायाखाली करकर वाजत होत्या. कितीतरी मी स्वतःच टोपलीत भरून बांधावर ओतल्या. तेव्हापासून दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस निमूट पाळतो: फळं वाटाण्याएवढी झाली की दर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. पाणी खोडाशी ओतू नका, फांद्यांच्या घेराखाली द्या आणि वर गवताचं आच्छादन घाला. पन्नास कलमांना एका पाळीला साडेसात ते दहा हजार लिटर लागतील. एवढं पाणी नसेल तर ज्या झाडांवर कैरी चांगली धरलीय ती आधी घ्या, उतारावरची आणि कातळावरची तर अगदी पहिली. वाऱ्याच्या नकाशाचा उपयोग इथे होतो: पूर्वेचा वारा चार दिवसांवर दिसला की मी पाळी दोन-तीन दिवस अलीकडे ओढतो.

गोटीएवढ्या कैऱ्या अंड्याएवढ्या व्हायच्या आत कागदी पिशव्या घालून घ्या, २५ बाय २० सेंटीमीटरच्या. उन्हाच्या चट्ट्यांपासून फळ वाचतं. हे काम सकाळी दहाच्या आत उरका. फवारणीही तशीच, आणि घाटावरचा वारा असेल त्या दिवशी करूच नका, औषध पानावर कमी आणि शेजाऱ्याच्या वाडीत जास्त जातं.

जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा वारा दिशेसकट असतो. लोक तापमान आणि पाऊस वाचतात आणि ती ओळ सोडून देतात. बाग समुद्रापासून किती आत आहे आणि मध्ये डोंगर आहे का, तेवढं कळवा, मग खारा वारा तुमच्याकडे साधारण किती वाजता पोचत असेल ते सांगता येईल.