इंजिनाचा वेग सतत बदलतो, तरी विमानातील वीज स्थिर कशी राहते?

आपला प्रश्न असा आहे की, इंजिन कधी संथ तर कधी वेगाने फिरत असताना प्रवासी विमानातील वीज ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झवर स्थिर कशी राहते, आणि त्यासाठी घरातील स्टॅबिलायझरसारखे एखादे मोठे उपकरण विमानात असते का. विमान देखभालीच्या विद्युत विभागात मी ३१ वर्षे काम केले. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण अर्धेच देतात, आणि ते अर्धे उत्तर खरे मानल्यामुळे काय होते हे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

स्टॅबिलायझरची तुलना इथे लागू पडत नाही. तो फक्त व्होल्टेज सावरतो. ५० हर्ट्झ राखण्याचे काम त्याच्या कितीतरी आधी वीजकेंद्रात झालेले असते. विमानात मात्र वीजकेंद्रच इंजिनाच्या गिअरबॉक्सवर बसवलेले असते, त्यामुळे व्होल्टेज आणि वारंवारता ही दोन्ही कामे तिथल्या तिथे करावी लागतात, आणि ती दोन निराळ्या मार्गांनी होतात.

व्होल्टेजचे काम जीसीयू ही नियंत्रक पेटी करते. जनरेटरच्या एकाच दांड्यावर कायम चुंबकाचा छोटा जनरेटर, एक्सायटर आणि मुख्य जनरेटर अशी तीन यंत्रे असतात. छोट्या जनरेटरच्या विजेतून जीसीयू एक्सायटरच्या फील्डला, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याला, मोजून करंट देते. एक्सायटरच्या फिरत्या भागात निर्माण झालेल्या एसीचे रूपांतर दांड्यातच बसवलेले डायोड डीसीत करतात, आणि ती डीसी मुख्य जनरेटरच्या फिरत्या फील्डला मिळते. भार वाढून व्होल्टेज उतरू लागले की जीसीयू हा करंट वाढवते, चढू लागले की घटवते. यात ब्रश कुठेच नसल्यामुळे उंचावरच्या विरळ, कोरड्या हवेत ब्रश झरझर झिजण्याचा जुना प्रश्नही उरलेला नाही.

मुलाखतीला येणारी मुले इथपर्यंत न अडखळता सांगतात आणि थांबतात. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. फील्डचा करंट कितीही बदलला तरी वारंवारता एका हर्ट्झनेही हलत नाही, कारण ती केवळ पोलांची संख्या आणि फिरण्याचा वेग यांवर ठरते. दोन पोलांच्या जनरेटरमधून ४०० हर्ट्झ हवे असतील तर तो मिनिटाला बरोबर २४,००० फेरे फिरला पाहिजे, आणि एअरबसच्या ए३२० या प्रवासी विमानावरील ९० केव्हीए क्षमतेचा जनरेटर याच वेगाने फिरतो. इंजिनाचा वेग आयडलपासून, म्हणजे सर्वांत संथ फिरण्यापासून, टेकऑफपर्यंत साधारण ६० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत बदलत असताना हा आकडा स्थिर ठेवते ते तेल.

जनरेटर आणि त्याचा वेग स्थिर ठेवणारा ड्राइव्ह एकाच आवरणात असतात. त्या जोडयंत्राला आम्ही आयडीजी म्हणतो. त्यात डिफरन्शियल गिअर असतो आणि त्याच्या जोडीला एक हायड्रॉलिक पंप व मोटर. इंजिनाचा वेग कमी पडला की ही हायड्रॉलिक जोडी त्यात भर घालते, जास्त झाला की वजा करते, आणि पंपाच्या तिरक्या तबकडीचा कोन बदलून हे प्रमाण साधले जाते. हेच तेल गिअरना वंगण देते, जनरेटरच्या वेटोळ्यांची उष्णता शोषून घेते आणि कूलरमधून जाताना ती उष्णता इंधनात किंवा हवेत सोडते. एकच तेल अशी तीन कामे करते, म्हणून त्याची पातळी हा विद्युत विभागाचाही विषय आहे. हे वाक्य मी १९९६ च्या पावसाळ्यात मुंबईच्या एका हँगरमध्ये रात्रपाळीला म्हणालो होतो आणि त्याबद्दल सर्वांसमोर बोलणी खाल्ली होती.

एका विमानाच्या डाव्या आयडीजीचे तापमान उड्डाणानंतर वर चढताना वाढत असल्याची तक्रार टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत, आली होती. पहिल्या रात्री तापमानाचा सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार आली, म्हणून तेलाचा फिल्टर बदलला आणि तेल भरले. तिसऱ्या दिवशी तापमान इतके चढले की वैमानिकांनी आयडीजी डिसकनेक्ट केला, म्हणजे इंजिनाच्या गिअरबॉक्सपासून सोडवला, आणि दुसऱ्या जनरेटरवर व एपीयू या शेपटीतील छोट्या सहायक इंजिनाच्या जनरेटरवर विमान व्यवस्थित परत आणले. हा डिसकनेक्ट हवेत पुन्हा जोडता येत नाही. इंजिन थांबल्यावर जमिनीवर रिंग ओढूनच तो पूर्ववत करावा लागतो. तेल अतितप्त झाल्यावर आपोआप सुटणारा थर्मल डिसकनेक्ट त्याआधी उडाला असता, तर मात्र ओढण्यासारखे काही उरले नसते आणि पूर्ण आयडीजीच उतरवावा लागला असता. पाळीप्रमुखांनी आयडीजी बदलण्याचाच आदेश दिला. ते इंजिन विभागातले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी ज्येष्ठ, आणि त्यांच्या हाताला गुण होता, हे मला मान्य आहे.

मी काढलेला फिल्टर पाहिला तर तो स्वच्छ होता, त्यात धातूचा एक कणही नव्हता. आतून झिजत चाललेल्या यंत्राचा फिल्टर असा नसतो. मग मी साइट ग्लासकडे, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या काचेकडे, बॅटरी धरली. काच जुनी, पिवळसर पडलेली होती आणि तिच्यात तेलाची रेघ दिसत नव्हती. रेघ दिसत नाही याचा अर्थ आधीच्या दोन्ही रात्री 'तेल कमी आहे' असा लावला गेला होता आणि दोन्ही वेळा भर घातली गेली होती. परंतु काच रिकामी असतानाही रेघ दिसत नाही आणि काठोकाठ भरलेली असतानाही दिसत नाही. मी म्हणालो, "साहेब, यात तेल जास्त झाले आहे, जास्तीचे तेल बाहेर सोडणारी ओव्हरफ्लोची नळी लावून पाहू या." त्यावर ते म्हणाले, "तू इलेक्ट्रिकलचा माणूस आहेस, वायरी बघ. तेल कमी असण्यापेक्षा थोडे जास्त असलेले केव्हाही बरे."

सुटा आयडीजी स्टोअरमधून यायला तास लागणार होता, त्या वेळेत मी नळी लावली. जवळजवळ लिटरभर तेल बाहेर आले. तेल भरताना ओव्हरफ्लोची नळी जोडायची असते आणि भरून झाल्यावर वाहणे थांबून थेंब पडू लागेपर्यंत ती तशीच ठेवायची असते; घाईच्या वेळी ती आधीच काढली गेली होती. जास्तीचे तेल फिरत्या भागांत सापडते, घुसळले जाते, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाळलेले तेल धड उष्णता वाहून नेत नाही आणि हायड्रॉलिक दाबही नीट धरत नाही. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीबरोबर आम्हीच तो आयडीजी अधिक तापवत होतो. पातळी योग्य केल्यावर, रिंग ओढून आणि इंजिन चालवून पाहिल्यावर तापमान सामान्य राहिले, आणि पुढच्या उड्डाणांत ती तक्रार आली नाही. लॉगमध्ये 'तेलाची पातळी दुरुस्त केली' एवढेच लिहिले गेले. का चुकली होती हे लिहिले गेले नाही, आणि त्याचे दुःख मला आजही आहे, कारण दुसऱ्या पाळीला त्या नोंदीतून काहीच शिकता आले नाही.

आपण हे क्षेत्र शिकत असाल तर माझे स्पष्ट मत असे आहे की, 'हे आमच्या विभागाचे नाही' हे वाक्य आयडीजीजवळ उभे राहून कोणी उच्चारू नये, कारण अर्धा यांत्रिक आणि अर्धा विद्युत अशा त्या यंत्राच्या मधोमधच विभागांची सीमा जाते. जीसीयूची आकृती पाठ करण्याआधी तेल भरणे हाताने शिका. काचेत रेघ दिसत नसेल तर भर घालण्याआधी नळी लावा.

काही गोष्टी वर राहून गेल्या. तबकडीचा कोन सर्वत्र यांत्रिक गव्हर्नरच बदलतो असे नाही; ए३२०मध्ये जीसीयूच सर्वो व्हॉल्व्हमार्फत तो आदेश देते, म्हणून जीसीयूचा वारंवारतेशी काहीच संबंध नसतो असा माझ्या लिहिण्याचा अर्थ घेऊ नये. व्होल्टेज किंवा वारंवारता मर्यादेबाहेर गेली तर जनरेटरला बसबारपासून, म्हणजे विमानभर वीज वाटणाऱ्या मुख्य पट्टीपासून, तोडण्याचे कामही तीच करते. ए३२०च्या एपीयूवरील जनरेटरला असा ड्राइव्ह लागतच नाही, कारण एपीयू स्वतःच स्थिर वेगाने फिरते. २००९ साली न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर उतरवलेल्या ए३२०च्या कॅप्टनने पक्ष्यांच्या धडकेनंतर लगेच एपीयू सुरू केली आणि विमानाचा वीजपुरवठा टिकून राहिला. तेल भरण्याची आणि थांबण्याची वेळ प्रत्येक विमानाच्या मॅन्युअलप्रमाणेच पाळावी, माझ्या आठवणीप्रमाणे नव्हे.

शिवाय ए३८० आणि बोइंग ७८७ यांमध्ये स्थिर वेगाचा हा ड्राइव्ह काढूनच टाकला आहे. तिथे वारंवारता इंजिनाबरोबर बदलू दिली जाते आणि ज्या उपकरणाला स्थिर वीज हवी, त्याच्यापुरते रूपांतर पुढे केले जाते. ७८७च्या प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन जनरेटर असतात, २३५ व्होल्टचे, आणि इंजिन सुरू करतानाही तेच वापरले जातात. त्या जनरेटरनाही थंड ठेवते ते तेलच, आणि त्यांच्याही तेलाला ठरलेली पातळी आहे.