नवीन इम्पेलर टाकला तरी आउटबोर्ड मोटरला पाण्याचं प्रेशर कमी दाखवतंय, काय बघू?

तुमचा प्रश्न असा की उजनीच्या बॅकवॉटरला ४० एचपीची फोर स्ट्रोक मोटर चालतीय, मागच्या महिन्यात इम्पेलर, म्हणजे इंजिन गार करायचं पाणी वर ढकलणारं रबरी चाक, नवीन टाकला, आयडलला त्या पाण्याचं प्रेशर ठीक दिसतंय पण रेस वाढवली की काटा ६-७ पीएसआयच्या (दाबाचं माप) वर जातच नाही, आणि दहा-पंधरा मिनिटं पळवली की बझर वाजतोय. बरोबर ना. मग सगळ्यात आधी हे ऐका, बझर वाजला की "किनारा जवळच हाय" म्हणून तशीच रेटू नका, लगेच रेस कमी करा, इंजिनाच्या मागून पाण्याची धार पडतीय का वळून बघा, नसेल पडत तर बंदच करा. हेड गॅस्केट गेलं किंवा पिस्टन धरला तर पूर्ण सीझनची कमाई त्यातच जाते, मी बघितलंय.

मी टेंभुर्णीकडचा. आधी शेतातल्या पंपाच्या मोटरी बघायचो, आता बरीच वर्षं झाली होड्यांच्या मोटरी पण करतो, आणि आपल्या सोलापूर भागातल्या माणसाला हा विषय अवघड नाहीच ओ, विहिरीवरच्या पंपाला जे होतं तेच इथं होतं. फूट व्हॉल्व्हची जाळी चोंदली, सक्शनला कुठं हवा ओढली, इम्पेलर घासला, डिलिव्हरीला गळती लागली किंवा गेज खोटं बोलायलंय, ह्या पाच गोष्टी. फरक एवढाच की इथं सगळं एका पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या लोअर युनिटात, दाबून बसवलेलं असतंय आणि गळती आतल्या आत होते, बाहेर थेंब दिसत नाही.

सुरुवात गेजपासून करा, कारण फुकट आहे. तुमचं काट्याचं गेज असेल तर इंजिनापासून त्याच्यापर्यंत एक बारीक नळी येते, तिच्यात शेवाळ नाहीतर गाळ बसतो, कधी कव्हर लावताना नळी दुमडून जाते. ती दोन्हीकडून काढा, फुंका. तरी शंका असेल तर डाळिंबाच्या ड्रिपला फिल्टरपाशी लावतात ना ते प्रेशर गेज, ते तात्पुरतं त्याच नळीला जोडून बघा, किलोमध्ये दाखवतं, एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय धरा. बहुतेक मोटरींना आयडलला दोन-चार पीएसआय आणि फुल्ल रेसला दहाच्या बऱ्यापैकी वर प्रेशर पाहिजे, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलात असतो तोच खरा.

दुसरं, नुसत्या धारेवर विश्वास ठेवू नका. मागं जी बारीक धार पडते ती पाण्याची एक छोटी फांदी असते, पूर्ण प्रवाह नसतो. धार जोरात असून इंजिन तापू शकतंय, आणि धार बंद असून इंजिन गार असू शकतंय, कारण कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर केलेलं असतं. मासे धरायच्या गळाची जाड तंगूस घालून भोक साफ करा, लोखंडी तार खुपसून आतला प्लास्टिकचा कोपरा फोडू नका.

आता प्रेशर आणि टेंपरेचर दोन्ही सोबत बघायचं, इथंच बहुतेक लोक चुकतात. प्रेशर कमी आणि इंजिन गरम, तर गडबड खाली आहे, जाळी, हवा, पंप नाहीतर पंपाचं पाणी वर इंजिनाकडं नेणारी वॉटर ट्यूब. प्रेशर जास्त आणि इंजिन गरम, तर पुढं कुठंतरी चोंदलंय, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बंद अडकला किंवा आतल्या वाटा बुजल्या. प्रेशर कमी पण इंजिन गार, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा दाब वाढला की उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसून तो मिटत नाही. तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे, बझर वाजतोय म्हणजे बहुतेक गरम होतंय. म्हणून सध्या थर्मोस्टॅटच्या मागं लागू नका. नेटवर वाचून कुणी व्हिनेगर ओतायला सांगेल, ते समुद्रातल्या मोटरीत मीठ धरतं त्यासाठी असतं, उजनीचं पाणी गोडं आहे. मोटर कोकणातून जुनी आणली असेल तर गोष्ट वेगळी.

आयडलला ठीक आणि रेसला पडतं, ह्याचा अर्थ पंपाला लागतं तेवढं पाणी मिळत नाही, हवा मिसळती, नाहीतर पंप पुरा पडत नाही. जाळी बघा. लोअर युनिटच्या दोन्ही बाजूला पाणी ओढायच्या ज्या फटी असतात त्यात जलपर्णीची मुळं, शेवाळ, गुटख्याच्या पुड्या, पिशव्यांचे तुकडे, काय काय निघतंय. पिशवी तर फार फसवते, चालू मोटरीला ओढून घट्ट चिकटते आणि बंद करून वर उचलली की गळून पडते, मग माणूस म्हणतो जाळी साफ आहे. म्हणून पळत असताना प्रेशर पडलं की न्यूट्रलला घ्या, थांबा, थोडं रिव्हर्सला चालवा, परत पुढं घेऊन बघा. काटा वर आला तर उत्तर मिळालं. काही मोटरींची जाळी स्क्रूवर असते, ती काढून आतून पण बघा.

मग बसवायची उंची. प्रोपेलरच्या वर जी आडवी प्लेट असते ती होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा एखादा इंच खाली पाहिजे. शॉर्ट शाफ्ट १५ इंची, लाँग शाफ्ट २० इंची, आणि आपल्याकडं होडी गावात बनवतात, मोटर दुसऱ्याकडून घेतात, त्यामुळं मागच्या फळीचं माप कुणी जुळवत नाही. मोटर वर बसली की हळू चालताना काही कळत नाही, वेगात होडीचं नाक उचललं, वळण घेतलं, लाट आली की फटी फेसात येतात आणि पंप पाण्यासोबत हवा ओढतो. पत्र्याच्या होडीला बुडाला मधोमध जाड पट्टी मारलेली असते, ती बरोबर मोटरीच्या पुढं येऊन संपत असेल तर तिच्यामागं बुडबुड्यांची रांग तयार होते, ती पण थेट जाळीत. ट्रिम, म्हणजे मोटरीचा कल, पूर्ण आत घेऊन एकदा पळवा, प्रेशर सुधारलं तर उंचीचाच प्रश्न आहे, पंप उघडायची गरजच नाही.

हे सगळं करून पण तसंच असेल तर पाय खाली घ्यावा लागतोय. तुम्ही लिहिलंय इम्पेलर नवीन, पण नुसता रबरी इम्पेलर बदलला का तो ज्यात फिरतो तो कप, खालची प्लेट, गास्केट, ओरिंग सगळं किट? हे मी मुद्दाम विचारतोय. उजनी धरण ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठाच, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं की आपण सगळे उथळ गढूळ पाण्यात मोटरी चालवत असतो. ते पाणी पंपात बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतं. स्टीलच्या कपाला आतून आणि खालच्या प्लेटला गोल चरे पडतात, नख फिरवून बघा, नख अडकलं की ते गेलं. चरे पडलेल्या कपात नवीन इम्पेलर टाकला तरी दाब कडेनं परत खाली सुटतो. आयडलला निभावतं, रेसला नाही.

जुन्या इम्पेलरचं पातं तुटलेलं होतं का आठवून बघा. होतं तर तुकडा कुठं गेला? तो बाहेर पडत नाही, वर जाऊन वॉटर ट्यूबच्या तोंडाशी नाहीतर थर्मोस्टॅटपाशी बसतो. पाती मोजा, तुकडे जुळवा, कमी भरले तर शोधल्याशिवाय मोटर परत जोडायची नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो कारण तुमचं वाचून तीच आठवली. जुनी मोटर घेतली होती, घ्यायच्या आधी एका वर्कशॉपमधून पंपाचं काम करून आली होती, बिल पण होतं. लक्षण अगदी तुमच्यासारखं. मी इम्पेलर बदलला, महिन्याने परत बदलला, दोन्ही वेळेस पैसे पाण्यात. तिसऱ्यांदा पाय काढल्यावर टॉर्च मारून नीट बघितलं तर पंपाच्या तोंडावर, जिथं वॉटर ट्यूबचं टोक बसतं, तिथलं रबरी ग्रोमेट (ट्यूबभोवतीची रबराची कडी) एका बाजूनं दुमडलेलं. पाय वर चढवताना ट्यूब तिरकी लागली होती आणि तिनं रबर आत ढकललं होतं, आणि मी दोन वेळा घाईत ते तसंच ठेवून वर पाय चढवला होता. पंप पूर्ण दाब देत होता, पण निम्मं पाणी त्या फटीतून पायाच्या आतच सांडत होतं. अगदी किरकोळ किमतीचं रबर ओ. ते बदललं आणि त्याच दिवशी फुल्ल रेसला काटा १४ ला गेला.

म्हणून पाय खाली आलाच आहे तर एक चाचणी करा. वरच्या वॉटर ट्यूबला बागेचा पाईप धरून पाणी सोडा. मागून धार मोकळी आली तर वरची वाट बऱ्यापैकी साफ, दोष खाली. नाही आली तर वर चोंदलंय. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धी मोटर संशयातून सुटते.

बसवताना काळजी घ्या. आधी किल स्विचची (मोटर बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढा, बॅटरी सोडा, गिअर न्यूट्रलला ठेवा. इम्पेलरला ग्रीस लावू नका, पेट्रोलियम ग्रीसनं रबर फुगू शकतं, भांड्याचा साबण पाण्यात कालवून लावा. शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या दिशेनं फिरवत फिरवत कप खाली दाबा म्हणजे सगळी पाती एका बाजूला वाकतात. शाफ्टवरची छोटी की, म्हणजे इम्पेलरला शाफ्टसोबत फिरवणारी पट्टी, जागेवर आहे ना बघा, ती निसटली की शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागेवर उभा. पाय चढवताना दोन माणसं पाहिजेत, एकानं उचलायचं आणि दुसऱ्यानं टॉर्च धरून ट्यूब ग्रोमेटात सरळ जाते का ते बघायचं.

नंतर प्रोपेलर काढून पाण्यानं भरलेल्या टिपाडात पाय बुडवून न्यूट्रलला चालवा. पाणी त्या आडव्या प्लेटच्या वर पाहिजे. कोरडी "फक्त चालू होते का बघतो" म्हणून कधीच मारू नका, पाण्याविना काही सेकंदांत नवीन रबराची पाती करपतात. टिपाडात फक्त धार आणि आयडल तपासायचं, रेसचं प्रेशर तळ्यातच बघावं लागतंय.

आणि एक मनापासून. ही चाचणी दुपारी वारं सुटल्यावर, प्रवासी घेऊन करू नका. २०२४ च्या मे महिन्यात उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले, ते वाऱ्यानं झालं होतं, मोटरीनं नाही, पण तसल्या वाऱ्यात मोटर बंद पडली की होडी लाटेला आडवी होते आणि मग हातात काही राहत नाही. सकाळी लवकर, किनाऱ्याच्या कडेनं, जॅकेट घालून, वल्ही सोबत ठेवून जा.

ट्रिम आत घेऊन पळवल्यावर काटा किती गेला, आणि कपाला नख अडकतंय का, एवढं दोन इथंच खाली लिहा, मग पुढचं सांगतो.